तेजपालशिवाय तीन रविवार

शेअर रिक्षात माझा श्वास अडकला म्हणून मी मीरा रोडला मध्येच उतरले. समोर गुरुद्वारा होता आणि दाराशी पिण्याच्या पाण्याचे नळ. मी आत गेले ती पाण्यासाठी. श्रद्धा वगैरे काही नव्हती.

"काय हुडकायलात?"

मी दचकून वळले. पिवळी पगडी, दुमडलेल्या बाह्या, हातात कुणाचे तरी बूट. येणाऱ्यांचे जोडे सांभाळायची सेवा करत होता तो. आणि बोली थेट मराठवाड्याची! माझे बाबा परभणीचे. ते गेल्यापासून 'हुडकणं' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

"पाणी..."

त्यानं हात धुऊन ग्लास भरून दिला, मग एक केशरी रुमाल. "डोकं झाका अन् आत बसा जरा. बरं वाटंल."

"तुम्ही मराठी कसं काय...?"

"नांदेडचा आहे मी. तेजपाल. शीख माणूस मराठी बोलला की सगळे असंच बघतात."

"मी तसं नव्हते बघत."

"मग कसं बघत होता?"

मी घाईघाईनं रुमाल बांधायला घेतला.

आत कीर्तन चालू होतं. शब्द कळत नव्हते. एकच ओळ फिरून फिरून यायची, पेटी तिच्यामागून चालायची. बाबांचा शेवटचा फोन मी उचलला नव्हता, मीटिंगमध्ये होते. त्याला आठ महिने झाले होते आणि रोज संध्याकाळी माझी छाती आवळून यायची. गोळ्या चालू होत्या. त्या तासाभरात मात्र तो फोन डोक्यात वाजला नाही. मी रडले नाही... भिंतीला टेकून चक्क झोपले.

"घोरत नव्हता," बाहेर तेजपालनं बूट देताना सांगितलं, "काळजी करू नका."

मग मी दर रविवारी सकाळी जायला लागले. तेजपाल तबल्यावर असायचा. कीर्तनानंतर लंगरमध्ये आम्ही पोळ्या लाटायचो, तो मला शबदांचे, म्हणजे कीर्तनात गायल्या जाणाऱ्या पदांचे, अर्थ सांगायचा. अहो-जाहो कधी सुटलं, कळलंच नाही.

"आपल्याकडे वंदना आहे, विहार आहे," आई म्हणाली. "तिथं काय वेगळं मिळतं, संघप्रिया?"

"तिथं मला तो फोन ऐकू येत नाही, आई."

तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग तेजपालच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. तो नांदेडला निघाला.

"मी नसलो तरी येशील ना?" त्यानं विचारलं.

"बघू," मी म्हणाले. खरं तर घाबरले होते. तो नसताना छाती पुन्हा आवळली, तर मग मला मिळालं तरी काय होतं?

पहिल्या रविवारी तबल्यावर कुणी म्हातारे सरदारजी होते. शबद सुरू झाला. बाबांचा फोन आठवला... आणि त्या ओळीबरोबर पुढे गेला. श्वास संथ चालू होता. शांतता माझी होती, कुणाची उसनी नव्हती. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारीही. पण लंगरमध्ये बसले की लाटणं हातात तसंच राहायचं. बोलायला कुणी नसायचं. म्हणजे बायका भरपूर होत्या — तो नव्हता.

परतल्यावर तो मला जेसल पार्कला, खाडीकाठी भेटला. ऊन उतरत होतं.

"तिन्ही रविवार गेलीस?"

"गेले."

"अन्... शांत वाटलं?"

"हो. अगदी तितकंच."

त्याचा चेहरा जरासा पडला. "चांगलं झालं. म्हणजे माझी गरज नाही तुला."

"शांततेसाठी नाही."

"मग?"

"बाकी सगळ्यासाठी आहे... जेवताना, भांडताना, गप्प बसताना. मला तू हवा आहेस, तेजपाल."

तो म्हणाला, "मी घरी सांगून आलोय."

"मला न विचारता?"

"हिंमत तिथं झाली, इथं होईना. बापू म्हणाले, परभणी म्हणजे शेजारीच की! आईला मात्र वेळ लागंल. पण तुला भेटायचं म्हणालीय."

"माझ्या आईलाही वेळ लागेल."

"कधी सांगणार तिला?"

आमची बिल्डिंग तिथून पाच मिनिटांवर. "आत्ता," मी म्हणाले. "ती घरीच आहे."

आमच्या दाराशी तेजपालनं पगडी दोनदा नीट केली. मी त्याचा हात धरला. दार उघडेपर्यंत मी तो सोडला नाही, आणि उघडल्यावरही नाही.