सात सेकंदांची शांतता

२०५१ सालच्या श्रावणात चिखलदऱ्याच्या पठारावर दुपारीही दिवे लावावे लागत. धुकं थेट घरात शिरायचं.

अकरा वर्षांची शर्वाणी त्या दिवसांत पडवीत जायला घाबरायची. तिचा कुत्रा भुंगा रोज दुपारी तिथल्या बंद खोलीपाशी झोपायचा. उठला की दाराकडे तोंड करून उभा राहायचा, आतून कोणी हाक मारल्यासारखा. मग पाय दुमडून कोसळायचा, डोळे सताड उघडे. थोड्या वेळाने शेपूट हलवत उठायचा.

"त्या खोलीत कोणीतरी आहे," स्वयंपाकाच्या सुलभाबाई म्हणाल्या आणि तिकडे फिरकेनाशा झाल्या. डॉक्टरांनी भुंग्याला तपासलं, तर तो ठणठणीत.

शेवटी शर्वाणीने वसुधाआत्याला बोलावलं. आत्या प्राण्यांच्या हृदयाचा अभ्यास करायची. तिने एक मऊ पट्टा भुंग्याच्या छातीला बांधला.

"प्रत्येक ठोका विजेच्या बारीक लहरीने सुरू होतो. हा पट्टा त्या लहरींचा हृदयालेख (ठोक्यांची रेघ) रात्रंदिवस काढत राहतो."

आत्याच्या हातातल्या पडद्यातून आवाज येऊ लागला. ठक... ठकठक... ठक.

"आत्या, ठोके अडखळतायत गं."

"श्वास घेताना जलद, सोडताना संथ. कुत्र्यांचं असंच असतं."

दुपारी भुंगा उठला. दोन पावलं टाकून दाराकडे वळला. ठक. ठक. मग काहीच नाही. पडद्यावरची रेघ सपाट झाली. बाहेर नुसत्या पागोळ्या गळत होत्या. शर्वाणी मनात आकडे मोजत राहिली. पाच म्हणताना भुंगा पडला. सात म्हणताना ठोका परत आला.

तिने त्याला घट्ट धरलं. "तो आत्ता मेला होता का?"

"नाही गं. हृदयात ठोक्याचा इशारा देणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. भुंग्याचा तो मधेच गप्प बसतो. मेंदूला रक्त पोचत नाही आणि शुद्ध हरपते."

"पण दाराशीच का?"

आत्याने दुसऱ्या दिवशी सगळी नोंद उघडली. अशा नऊ शांतता होत्या. अंगणात, पलंगाखाली, शर्वाणीच्या पायाशी.

"तेव्हा तो आडवा होता, म्हणून कळलं नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटं ऐकलं, तेवढ्यात हृदय नीट चाललं. इथे तो झोपून उठलेला, उभा असतो, म्हणून कोसळतो. आपण त्याला पडताना फक्त इथे पाहिलं आणि खोलीला घाबरलो."

आठवड्याने अमरावतीत डॉक्टरांनी भुंग्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयात तार सोडून कृत्रिम गतिकारक (ठोका थांबला की इशारा देणारं यंत्र) बसवला.

त्या रात्री शर्वाणी झोपलेल्या भुंग्याजवळ पडद्यासमोर बसली होती. रेघ पुन्हा सपाट झाली. ती मनात आकडे मोजू लागली. इतक्यात एक बारीक उभी रेष उमटली. ती भुंग्याची नव्हती, यंत्राची होती. तिच्या पाठोपाठ ठोका आला. भुंगा झोपेतच कूस बदलून घोरू लागला.

"पडण्याआधीच सांगेल असा पट्टा होईल का?" तिने हळूच विचारलं.

"त्यासाठी पुष्कळ कुत्र्यामांजरांच्या रेघा वाचाव्या लागतील," आत्या म्हणाली आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली.