नाव घेणारी काच

आरमोरीच्या पलीकडे, सागाच्या रानात एक होता कोलू, त्याची बायको सोमारी, अन दोघांची एक लेक करिश्मा. तिघं मिळून मोह वेचत, धान लावत.

कोलूला रान तळहातासारखं ठाऊक. म्हणून चंद्रपूरच्या रस्त्यावर जंगल दाखवायचं केंद्र निघालं, तेव्हा तिथल्या गुणवंतराव साहेबांनी त्यालाच नेलं. मोहाची टोपली देऊन गोल मांडलेल्या शंभर कॅमेऱ्यांच्या मधोमध उभं केलं. "अंगावरचा उजेड चहूबाजूंनी धरतो आम्ही," साहेब म्हणाले. "माणूस नाई, नुसता उजेड."

मग मोठ्या काचेत तो उजेड कोलू होऊन उभा राहिला. चष्मा लावायला नको, काही नको. डावीकडे सरकलं की त्याचा फाटका कान दिसे, उजवीकडे सरकलं की टोपलीमागची कुऱ्हाड. अन काचेतला कोलू दिवसभर बोले, "जोहार. मी कोलू. या, जवळ या."

सोमारी हसली होती. "घरी तं तोंड उघडत नाई हा माणूस. इथी कसा पोपट झाला!"

पुढच्याच मोहाच्या दिवसांत वाघानं कोलूला नेलं. हाती लागला नुसता खांद्यावरचा दुपट्टा.

त्यांच्या घराची रीत अशी. गेलेल्याचा जीव नदीवर बोलवायचा. मडकं पाण्यात तिरपं धरायचं, नाव घ्यायचं. मासोळी, किडा, जे जिवंत आत येईल ते आपलं माणूस. त्याला आणून पूर्वजांच्या दगडांपाशी ठेवायचं. तोवर ते नाव दुसरीकडे घ्यायचं नाही. घेतलं, तर जीव तिकडे जातो.

पूजा सांगणाऱ्या पोचूभाऊंनी नदीवर तीनदा नाव घेतलं. सोमारीच्या हातातल्या मडक्यात तीनदा रिकामं पाणी.

"कोणी तरी बोलावून राह्यलं त्याले," पोचूभाऊ हळूच म्हणाले. "नाव घेऊन... या म्हणून..."

सोमारीला काच आठवली.

सकाळच्या बसनं ती मडकं घेऊन केंद्रात गेली. "साहेब, एक दिवस बंद ठेवा जी."

"शाळेच्या सहली येऊन राह्यल्या, बाई. अन यंत्र हाये ते. त्याले काय समजते?"

"त्याले नाई समजत. माह्या माणसाले समजते."

साहेब हसले अन जेवायला गेले.

भर दुपारी काचेच्या खोलीत अंधार होता, गार होतं. सोमारीनं नळाचं पाणी भरून मडकं काचेपुढं ठेवलं. बंद खोलीत ओल्या मोहाचा वास यायला लागला.

"जोहार. मी कोलू. या, जवळ या."

ती डावीकडे सरकली. फाटका कान दिसायला हवा होता. दिसला चेहरा. ती उजवीकडे सरकली. चेहराच. कोलू तिच्याकडेच बघत होता.

जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई ती.

"कोलू... घरी चाला जी..."

"जोहार. मी को..."

आवाज तुटला. मडक्यात टप वाजलं. आत बोटभर मासोळी फिरत होती. काचेत टोपली होती, कुऱ्हाड होती. माणूस नव्हता.

मांडीवर मडकं घेऊन ती बसनं घरी आली. कोलू आपल्या दगडांत पोचला. मडकं पुसून तिनं फळीवर पालथं घातलं.

काच काही दुरुस्त होईना. पाऊस लागल्यावर गुणवंतरावांची जीप आली. टोपलीपाशी कोणी तरी उभं पाहिजे, पोरीला पक्की नोकरी देतो, म्हणाले. सोमारी तेव्हा धानाच्या बांधीत रोवणा करत होती. चिखलाच्या पायांनी घरी आली, तोवर करिश्मा केंद्रात कॅमेऱ्यांमधे उभी राहून परतही आली होती.

"नाव सांगतलं का तू तुहं?" तिनं विचारलं.

"सांगतलं ना, माय. मी करिश्मा, या, जवळ या. काऊन वो, नुसता उजेडच तं धरते!"

काच पुन्हा दिवसभर बोलायला लागली. तर असं दैव उघडलं. कौलं जाऊन स्लॅब आला, दारात स्कूटी आली. सोमारीचे दिवस फिरले, असं गाव म्हणतं. नवऱ्याच्या जागेवर लेक लागली, आणखी काय पाहिजे बाईला?

फक्त संध्याकाळी सोमारी हाक मारते, "करिश्मा..." चुलीपाशी बसलेली पोर, ते नाव आपलं नसल्यासारखी, मान वळवत नाही.

फळीवरच्या पालथ्या, कोरड्या मडक्यात टप वाजतं.