उजवी कूस

दुपारची ओपीडी आटोपून सर्जन तनुजा डबा उघडणार, तेवढ्यात साहेबराव आपल्या मुलीला, कस्तुराला, घेऊन आले. माणूस मूळचा परभणीकडचा, आता चिखलीत राहणारा. पोरगी चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. शिफ्ट अर्धी सोडून वाकत वाकत आली होती.

"काय होतंय?"

"कूस... उजवी..." पोटात खाली बोट रुतवून ती पुटपुटली.

बाहेर मोशीच्या रस्त्यावर हॉर्नचा कल्ला, आत पोटात कावळे. तनुजानं ऐकलं, कूस उजवली.

"लग्नाआधीच? कितवा महिना?" तिनं बापासमोरच फाडकन विचारलं.

साहेबरावांची मान खाली गेली.

"तसं न्हाई वो मॅडम, इथं दुखायलंय..." पोरगी बोट दाबत राहिली.

तपासणीत गर्भ नव्हता. पण ते बापाला सांगायला तनुजाची जीभ रेटेना. आपला शब्द मागे घ्यायची लाज वाटली, हेच खरं. सोनोग्राफीत उजव्या बीजकोशावर गाठ दिसली. तीच पिळली असणार असं धरून तिनं दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरवली.

भूल चढली. बेंबीतून दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर गुलाबी, ओलसर उजेड पसरला. जंतुनाशकाचा उग्र वास, मॉनिटरची टिकटिक, बाकी चिडीचूप. बीजकोश ठणठणीत होता. गाठ इवलीशी, निरुपद्रवी. तनुजाचे कान तापले. मग दुखतंय कुठं?

तेवढ्यात पडद्यावर पोटाची भिंत आत दबली. बाहेरून बोटानं दाबल्यावर दबते तशी, उजवीकडे, खाली.

"मिनल, दाबू नका."

"मी नाही, मॅडम..." सहायक मिनलचा आवाज बसला. "माझ्या हातात दुर्बीण आहे..."

पोटावर कुणाचाच हात नव्हता. कस्तुराचे हात हिरव्या कापडाखाली पट्ट्यांनी बांधलेले. पडद्यावर मात्र तो खळगा पुन्हा उमटला... पुन्हा... त्याच जागी, हट्टानं.

"तिकडे... तिकडे न्या दुर्बीण..."

आतड्याआड अपेंडिक्स सुजून लालबुंद झालं होतं, फुटायच्या बेतात. तनुजानं ते काढलं.

बाहेर साहेबराव भिंतीला टेकून उभे होते.

"अपेंडिक्स होतं. तुमच्या मुलीचं काही चुकलेलं नाही. मीच चुकीचं ऐकलं."

ते म्हणाले, "म्या मारलं तिला, मॅडम... भरती करताना. ती बोटानं जागा दाखवायली होती. म्या तिचा हात झटकला."

धरणीनं पोटात घ्यावं असं तनुजाला झालं.

संध्याकाळी कस्तुरा शुद्धीवर आली. तनुजा पलंगाशी गेली, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशांत घट्ट धरून.

"बाळा, माझं चुकलं. वडिलांना सगळं सांगितलंय मी."

"बरं झालं," पोरगी क्षीण हसली. मग तिचा चेहरा आक्रसला. "पण आता बोट काढा ना, मॅडम... दुखायलंय..."

तनुजानं खाली पाहिलं. पांघरुणावर कुणाचंच बोट नव्हतं, तरी ते हळूहळू आत दबत होतं. या वेळी डाव्या कुशीवर, जिकडे तिनं दुर्बीण नेलीच नव्हती.