फाटकापाशी राहिलेली टाचणी

"आमच्या टाचण्या चोरीला गेल्यात," केरी टल म्हणाली.

डेनिस क्रॅबला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. उभा जन्म बस चालवून निवृत्त झाल्यावर तो आता मिस ऑड्री पेनगेलींची मोटार चालवत होता, आणि त्यांच्या खोलीत येणारी दुःखी माणसं त्याला लांबूनच ओळखू येत. ही पोरगी त्यातलीच. अंगात वृद्धाश्रमातल्या नोकरीचा निळा गणवेश, डोळ्यांखाली काळं, आवाज मात्र ताठ.

"नीट सांग," मिस पेनगेली म्हणाल्या. सॉमरसेटच्या त्या भागात खाजगी तपास करणारी बाई एकच, आणि तिला पाल्हाळ खपत नसे.

केरीनं सांगितलं. प्रांताच्या नव्या आराखड्यानं गावागावाच्या वाट्याला घरांचा आकडा लावून दिला होता. नेदर कोलबरीच्या वाट्याची घरं कुठं बांधावीत, की बांधूच नयेत, हे गावकऱ्यांना विचारायचं होतं. त्यासाठी शनिवारी गावच्या सभागृहात नकाशाचा मोठा फळा मांडला होता. घरं हवीत तिथं पांढरी टाचणी टोचायची, नकोत तिथं काळी. माणशी एक.

"चॅपलच्या कुरणात स्थानिकांसाठी स्वस्त घरं व्हावीत म्हणून अख्खा हिवाळा मी दारोदार फिरले, बाई. शनिवारी संध्याकाळी कुरण पांढरंशुभ्र झालं होतं. रविवारी सकाळी मोजणीसाठी फळ्यावर झाकलेलं कापड काढलं तर काळ्या टाचण्या तेवढ्या जागेवर. उद्या, गुरुवारी, समिती बसणार. गावाला घरं नकोत असं लिहिणार आणि विषय संपला."

"पुन्हा विचारत नाहीत?"

"फळ्याला कुणी हात लावला हे सिद्ध झालं तरच."

"आणि घरं झाली नाहीत तर तुझं काय?"

"चिप्सच्या दुकानावर आमची खोली आहे. भिंतींना बुरशी. माझी लेक, टिली, रात्रभर खोकते. घरमालकानं तीही सोडायला सांगितलीय. घरांची आशा असती तर कुठंतरी तग धरला असता. नाहीतर माझ्या नवऱ्याच्या, लीच्या, भावाकडे, पार उत्तरेला, हल शहरात जायचं. आईला सांगितलं नाहीय अजून. ती गावातच असते, एकटी. तिच्या जिवाला घोर कशाला?"

"आईकडेच का राहत नाहीस?" डेनिसनं विचारलं.

"तिला शांतता लागते. तिनं कधी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही." मग ती थोडी हसली. "टिलीनंसुद्धा टाचणी टोचली होती हं. मुलांना परवानगी नव्हती. कुणी बघत नाहीसं पाहून आईनं तिला उचलून धरलं. कुरणाच्या फाटकापाशी टोचली, म्हणाली, आपलं दार इथं."

मिस पेनगेलींनी हातमोजे उचलले. "डेनिस, गाडी काढ."

सभागृहात आराखडा खात्याचा तरुण अधिकारी रूपर्ट नीम फळा आवरत होता. बिचाऱ्याला घरं हवी असलेलेही शिव्या घालत आणि नको असलेलेही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

मिस पेनगेली फळ्याला नाक लावून उभ्या राहिल्या. हिरव्या कुरणावर पांढरे ठिपके होते. त्यांनी एक ठिपका नखानं खरवडला. "लांबी. भिंतीची भोकं बुजवतात ती. एकेक भोक भरून पुसून घेतलंय."

"आणि ही बघा, एक राहूनच गेली," डेनिस म्हणाला. फाटकाच्या जागी एकुलती एक पांढरी टाचणी होती.

"गडबडीत सुटली असेल," नीम म्हणाला.

"किल्ल्या कुणाकडे?"

"तिघांकडे. माझ्याकडे, ग्रामसभेच्या अध्यक्षांकडे म्हणजे मेजर लाइल यांच्याकडे, आणि चहाचं बघणाऱ्या मॉरीनकडे. केरीची आई. रविवारी पुढचं दार मीच उघडलं. काय धुकं होतं! हात गारठले होते. मी कोट काढतोय तोवर मॉरीन मागच्या दारानं आली, आणि मी टोपी टांगेपर्यंत पाणी उकळायच्या विजेच्या टाकीखाली कप धरून वाफाळता चहा हातात दिलासुद्धा. देवमाणूस. मग मी फळ्यावरचं कापड काढलं."

चहा म्हटल्यावर डेनिसला तहान लागलीच. तो स्वयंपाकघरात डोकावला. मॉरीन त्याच्या बसची जुनी प्रवासी. बुधवारच्या बाजाराला नेमानं जायची, दाराजवळच्या आसनावर बसायची.

"चहा मिळेल का, मॉरीन?"

"आत्ताच टाकी लावलीय. तासभर थांबावं लागेल. म्हातारी झालीय ती, माझ्यासारखी. तापता तापत नाही."

"तासभर? तोवर माझा जीव जाईल."

"बस चालवायचास तेव्हा आम्ही थांबतच होतो की तुझ्यासाठी, भर थंडीत. आता तू थांब." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "रविवारी मी मि. नीमच्या मागोमागच आले रे. मला काही ठाऊक नाही."

मेजर लाइल सभागृहाच्या मागच्या खोलीत खिडकीची चौकट दुरुस्त करत होते. गावात घरं नकोत म्हणून पत्रकं वाटणारे हेच. पायाशी हत्यारांची पेटी, आणि पेटीत लांबीचा डबा. डेनिसनं मिस पेनगेलींना हळूच कोपर मारलं.

"बघितलंय मी ते," त्या पुटपुटल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "मेजर, टाचण्या तुम्ही काढल्यात?"

"मी काळी टाचणी सगळ्या गावासमोर टोचली, बाईसाहेब. माझ्या खिडकीतून ते कुरण दिसतं. माझी बायको शेवटचे महिने तेच बघत पडून होती. तिथं विटांच्या भिंती मला नकोत, आणि मी ते लपवत नाही. चोरून जिंकायचं असतं तर पत्रकं कशाला वाटली असती?"

"या इमारतीत चहासाठी दुसरं काही? केटली वगैरे?"

"केटली?" मेजर वैतागले. "ती लावली की अख्ख्या सभागृहाची वीज जायची. मीच नेऊन टाकली. ती टाकी आहे तेवढी, बस्स."

बाहेर आल्यावर डेनिस म्हणाला, "माणूस तोच. लांबी आहे, किल्ली आहे, घरं नकोत. आणखी काय पाहिजे?"

"लांबी घरोघरी असते, डेनिस. तुझ्याही माळ्यावर असेल. मॉरीन जेवायला घरी निघालीय. तिला सोडून येऊ चल."

मॉरीनचं घर चर्चमागच्या गल्लीत होतं. दार उघडताच ताज्या रंगाचा वास आला. अरुंद पडवीत शिरताना डेनिसच्या कमरेला काहीतरी टोचलं आणि तो कळवळला. भिंतीत कोट अडकवायची नवीकोरी पितळी खुंटी होती, पार कमरेइतक्या खाली.

"ही कुणी ठोकली इथं?"

"चुकून खाली लागली," मॉरीन घाईनं म्हणाली. "मागची खोली रंगवलीय मी. भाडेकरू ठेवीन म्हणते. घर खायला उठतं."

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पिवळ्या भिंती, मोठा पलंग, आणि त्याला लागून आणखी एक आखूड पलंग. मिस पेनगेलींनी ते पाहिलं आणि नजर वळवली. चहाही न घेता त्या निघाल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"कळलं का कुणी केलं?" डेनिसनं विचारलं.

"कळलं. न कळतं तर बरं झालं असतं."

दुपारी चौघांना सभागृहात बोलावलं. केरी कामावरून धावतपळत आली. मॉरीन आईच्या मायेनं तिचा ओला कोट झटकू लागली. मेजर हाताची घडी घालून उभे राहिले, नीम वही न उघडता बसला.

"केरी," मिस पेनगेली म्हणाल्या, "हे तुला एकटीला सांगू का?"

"नको. सगळ्यांसमोर सांगा. गावाला कळू दे."

मिस पेनगेलींनी सुस्कारा सोडला. "मग ऐक. चोराला गडबड नव्हती. एकेक भोक बुजवत, पुसत बसणारा माणूस फाटकापाशी डोळ्यांसमोरची टाचणी विसरत नाही. ती मुद्दाम ठेवली. का? ती टिलीची होती म्हणून. पण ती टिलीची हे मेजरना ठाऊक नव्हतं, मि. नीमनाही नव्हतं. टोचताना कुणी बघत नव्हतं."

केरीचा चेहरा उतरू लागला. डेनिसला आत्ता, सगळ्यांच्या शेवटी, उमगत होतं.

"दुसरं, चहा. मि. नीमनी कोट काढून टोपी टांगेपर्यंत टाकीतून वाफाळता चहा हातात आला. ती टाकी तापायला तास लागतो, आणि केटली इथं नाही. म्हणजे कुणीतरी फार आधी येऊन टाकी लावली होती. काम झाल्यावर मागच्या दारानं बाहेर जायचं आणि मि. नीमच्या मागून पुन्हा आत यायचं, एवढंच होतं. चहा दिला नसता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण समोर माणूस थंडीनं गारठलाय, टाकीत पाणी उकळतंय, आणि त्याला चहा द्यायचा नाही, हे तिच्यानं होणार कसं?"

मेजरनी हाताची घडी सोडली.

"तिसरं, एक खुंटी. भाडेकरूसाठी कुणी कमरेइतक्या उंचीवर खुंटी ठोकत नाही. ती लहान मुलीच्या कोटासाठी आहे. मॉरीन, तुम्ही सांगता का पुढचं?"

मॉरीन केरीकडे बघत नव्हती. ती हातातल्या कोटाची बाही सरळ करत होती. "आदल्या रात्री कापड टाकलं तेव्हा बघितलं, कुरण सगळं पांढरं. म्हटलं, आता हिला घर मिळणार. मग माझ्याकडे कशाला येतील? घरं नाही झाली, ती खोली सुटली, तर येतीलच. दुसरीकडे कुठं जाणार? म्हणून खोली तयार केली. पडदेसुद्धा शिवले. टिलीची टाचणी मात्र नाही निघाली हातून. दोनदा धरली."

"तू एकदा म्हणायचंस, आई." केरी म्हणाली. "एकदा म्हणायचंस, या इथं राहायला."

"तुमच्या संसारात लुडबूड नको वाटली. विचारलं असतं आणि तू भिडेखातर हो म्हणाली असतीस तर?"

"आणि मला वाटायचं, तुला आमचा गलका नको."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही या गावाची जुनी खोड. डेनिसनं जन्मभर पाहिली होती. पण त्या खोडीनं एवढं मोठं नुकसान केलेलं त्यानं आजच पाहिलं.

"रविवारी फळा बघून ली घरी आला," केरी म्हणाली. "सोमवारी त्यानं भावाला होकार कळवला. नोकरी ठरलीय. शनिवारी सामान निघेल."

"कुठं?" मॉरीननं विचारलं.

"हलला, त्याच्या भावाकडे."

मॉरीन खुर्चीवर बसली. कोट तिच्या मांडीवरच राहिला.

नीमनं घसा साफ केला. "मत पुन्हा घेता येईल. पण फळ्याला हात कुणी लावला ते लिहावं लागेल. आणि नाव लिहिलं की पोलिसांत कळवणं भाग आहे."

"मग लिहू नका," केरी म्हणाली. "नाही सापडलं म्हणा. आम्ही जातोय. तिला इथंच राहायचंय, एकटीला."

"आणि बाकीची पोरं? ज्यांनी टाचण्या टोचल्या ती?" हे मेजर विचारत होते, आणि सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "लिहा, मि. नीम. फळा अध्यक्षाच्या ताब्यात होता. अध्यक्षाच्या हलगर्जीपणानं तो खराब झाला. एवढं पुरेल ना?"

"पुरेल. पण मेजर, लोक म्हणतील तुम्हीच..."

"म्हणू देत. आजही म्हणतातच." त्यांनी डेनिसकडे एक कटाक्ष टाकला आणि डेनिसनं मान खाली घातली. "घरांच्या विरुद्ध मी आहेच. काळी टाचणी पुन्हा टोचीन. पण हरायचं तर सरळ हरू."

ते खिडकीकडे परत गेले. नीमनं वही उघडली.

केरीनं आईच्या मांडीवरून कोट उचलला आणि अंगात घातला. दारापर्यंत गेली, परत आली, वाकून आईच्या केसांवर ओठ टेकले आणि निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं डेनिसला वाटलं. तिला सोडायला मिस पेनगेलीही बाहेर पडल्या.

मॉरीन उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं टाकी भरली, बटण दाबलं, आणि पाठमोरी उभी राहिली.

"ती खुंटी जरा वर घेऊन देशील का, डेनिस? आता कोण लावणार तिथं कोट?"

डेनिस दाराच्या चौकटीला टेकला. त्याचाही मुलगा ऑस्ट्रेलियात होता, आणि नाताळात ये असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं, उगाच त्याला भीड पडायला नको म्हणून.

"राहू दे तिथंच," शेवटी तो म्हणाला. "सुट्टीत येईल ना टिली. आधी तू बोलाव तर. सरळ बोलाव."

मॉरीननं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. डोळे पुसून तिनं दोन कप काढले. "चहा घेशील? तासभर लागेल पण."

बाहेर मिस पेनगेली गाडीत वाट बघत होत्या. डेनिसनं टोपी काढली आणि खुर्ची ओढली.

"लागू दे," तो म्हणाला. "बसतो मी."