डाव्या खांद्यावरची दोन बोटं

बसा आरामात. थेंब टाकलेत, डोळ्याची बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो. तोवर एक गोष्ट सांगते. घाबरू नका हं, शेवट गोड आहे.

याच खुर्चीत माझी आत्या बसली होती. मला तिनेच वाढवलं. तिचा एक डोळा आधीच गेला होता आणि दुसऱ्यातला रस गढूळ होत चालला होता. तो कुठे दाट, कुठे पातळ हे कळल्याशिवाय डॉक्टर औषध घालणार नव्हते. म्हणून आत पिल्लं सोडायची. पिल्लं म्हणजे आमचे रोबो, धुळीच्या कणाहून बारीक. ती कशी पोहतात त्यावरून रस कळतो. हे चाक फिरवलं की चुंबक फिरतो आणि पिल्लं वळतात. मागच्या पडद्याला मात्र ती घासता कामा नयेत. घासली, की होती नव्हती ती नजरही गेली.

चाक धरायला मला आतोबांनी शिकवलं, गाडीचं. तोच त्यांचा धंदा. शिकवताना चकार शब्द बोलायचे नाहीत; बोललं की शिकणारा गडबडतो म्हणे. शेजारी बसून माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे. एकदा टेकवली की डावीकडे, दोनदा की उजवीकडे, दाबून धरली की थांब. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

भर दुपार होती, पण खिडक्या लावल्या की इथे असाच मिट्ट काळोख. स्पिरिटचा वास, यंत्राची घरघर. पिल्लं अर्ध्या वाटेवर पोचली आणि स्क्रीन धुरकटली. डावं-उजवं काही कळेना. मी चाक घट्ट धरलं.

"आत्या... हलू नकोस..."

"मी कुठे हलतेय? तूच थरथरतेयस."

आणि माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली. एकदा.

शप्पथ सांगते, विचार केलाच नाही. डावीकडे वळवलं. मग दोनदा... उजवीकडे. मग बोटं दाबून राहिली. मी थांबले. हळूहळू चित्र स्वच्छ झालं. पिल्लं पडद्यापासून केसभर लांब उभी होती. खोलीत पेट्रोलचा वास येत होता.

आत्याच्या बुबुळात दिव्याचा ठिपका दिसत होता, माझं डोकं दिसत होतं, आणि त्यामागे कुणाची तरी टोपी.

"ह्यांना बसायला सांग गं," आत्या हळूच म्हणाली. "किती वेळ उभे राहतील?"

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

आत्या आता सुईत दोरा ओवते. मी निवडलेल्या भाजीतली अळी तीच शोधते, वर टोमणाही मारते. तेव्हा माझी गाळण उडाली होती, खोटं कशाला बोलू? आता मात्र त्या बोटांचा आधार वाटतो. सुखात आहोत आम्ही.

झाली बाहुली मोठी. टेकवा हनुवटी. दिव्याकडे बघा...

हं. आलेत आतोबा. पण आज त्यांच्या शेजारी एक बाई आहेत... नाक अगदी तुमच्यासारखं. तुमच्या कोण?

अहं... वळू नका. पिल्लं आत गेलीयत.