शेवटच्या भागातली आठवी खुर्ची

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वहीवालीला तीन आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी दिवसातून दोन तास टीव्ही बघायची परवानगी दिली होती. तेवढं निमित्त पुरे झालं. रजा काढून आलेल्या लेकीने कुठूनतरी आईची ती जुनी रहस्यमालिका शोधून काढली. तेरा भाग, एका मोठ्या घरातला खून, सात संशयित आणि सतत कान टवकारून हिंडणारा एक इन्स्पेक्टर.

"चल, दोघी मिळून फडशा पाडू," लेक म्हणाली. "तुझं नाव येतं का गं शेवटी?"

"येतं. मुंगीएवढं."

वहीवाली हे नाव तिला याच मालिकेच्या सेटवर पडलं होतं. एक तुकडा चित्रित झाला की कप कुठे होता, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, सावली दाराच्या कुठल्या बाजूला पडली होती, हे सगळं टिपून ठेवायचं तिचं काम. पुढचा तुकडा चार दिवसांनी घेतला तरी सगळं जसंच्या तसं जुळलं पाहिजे. ती डोळ्यांत तेल घालून बसायची. दिग्दर्शकसुद्धा तिला टरकून असायचा.

पहिले भाग मजेत गेले. दुपारची जेवणं उरकली की पडदे ओढून दोघी बसायच्या. लेक रोज नवा खुनी ठरवायची आणि आई ओठ दाबून हसायची.

चौथ्या भागात ती खुर्ची दिसली. त्या दिवाणखान्यात सात खुर्च्या होत्या, वहीवालीने स्वतः मोजून लिहिल्या होत्या. पडद्यावर आठ होत्या. आठवी दाराशी, रिकामी.

"थांबव जरा. मोज बरं खुर्च्या."

"सात," लेक म्हणाली. "आई, नवा डोळा आहे तुझा. जरा दमाने घे."

पाचव्या भागात ती हातभर पुढे आली होती. सातव्यात गालिच्यावर. भागागणिक कॅमेऱ्याच्या जवळ, आणि लेकीला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्या सेटवर तिच्या हातून एकच चूक झाली होती, आणि ती तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

शेवटच्या भागाच्या चित्रीकरणात, जेवणाच्या सुट्टीत, सेटवर ती आणि लाइटवाला दोघंच होते. वहीचं भलतंच पान उघडून तिने ठणकावलं, सावली चुकतेय, दिवा हलवा.

"ताई, कालही तो इथेच होता," लाइटवाला म्हणाला.

"वहीत आहे ते आहे."

तो बिचारा पुन्हा लोखंडी शिडी चढला. चाळीस फूट. खाली आला तो पाठीवर, आणि जागीच गेला. पान चुकल्याचं तिला संध्याकाळी कळलं. तिने ते फाडून टाकलं आणि चौकशीत सांगितलं, तो आपणहून चढला. मग प्यायला असेल असं कुणीतरी म्हणालं, आणि तेच त्याला कायमचं चिकटलं. त्याची बायको तेच ऐकत म्हातारी झाली. वहीवालीने तीस वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतं, अगदी पोटच्या पोरीपुढेसुद्धा.

"शेवटचा भाग राहू दे ना," ती म्हणाली.

"वा गं वा! बारा भाग बघितले आणि खुनी कोण ते बघायचंच नाही?"

शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि मेहुण्याकडे बोट दाखवतो. ते दृश्य तिला तोंडपाठ होतं. सात जण येऊन बसले. आठवी खुर्ची आता इतकी जवळ होती की पडद्याच्या दोन्ही कडांना तिचे हात तेवढे दिसत होते. बघणारा तिच्यावरच बसल्यासारखा.

इन्स्पेक्टर मेहुण्याकडे वळलाच नाही. त्याने सरळ समोर पाहिलं.

"त्याला वर कोणी पाठवलं?"

खोलीत तापलेल्या दिव्यांचा, जळक्या धुळीचा वास पसरला.

"आई? अशी पांढरीफटक का पडलीस? काय झालं?"

सांगून टाकावं. एवढासा एक शब्द तर होता. पण लेक समोर होती, काळजीने बघत होती, आणि त्या नजरेतली माया घालवायची तिची छाती झाली नाही.

"काही नाही गं," वहीवाली म्हणाली. "पाणी आण जरा."

लेक उठून मागे गेली. इन्स्पेक्टरने उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली. मग पाठीमागे लोखंडावर लोखंड वाजलं. घरात शिडी नव्हती.

"काय... काय करतेस गं?"

"दिवा हलवतेय. तूच सांगितलंस ना आत्ता?"

"मी नाही... नाही सांगितलं... उतर आधी! त्याला मीच पाठवलं होतं, ऐकलंस? मीच! उतर खाली!"

पडद्यावरच्या सातही जणांनी एकदम माना वर केल्या. वहीवालीला मागे वळून बघवेना.

"आई... अजून किती वर जाऊ?"

आवाज लेकीचाच होता. पण तो छताच्या कितीतरी वरून येत होता.