राजवीरचं टोपरं

लाईट गेलीय, तर बसा जवळ. कंदील मधी सरकवा, आणि ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या. आकाराम तात्या म्हणजे थापांचं पोतं, हे उभ्या पंचक्रोशीला ठावं हाय. पांढरं धोतर गुंडाळून वडाला उलटा लोंबकळलेला तो मीच. मोठ्या गुरुजींच्या सायकलीला मागनं घुंगरू बांधून त्यांना ओढ्यापासनं देवळापर्यंत पळवलं, तेबी मीच. शाळा चौथीपर्यंत, त्यात तिसरी दोनदा, कारण ती मला आवडली हुती. अशा माणसाला खरंच काय दिसलं तर त्यानं सांगायचं कुणाला? तुम्हांला सांगतो. इश्वास ठेवू नका. मलाबी ठेवायचा नव्हता.

काम साधं हुतं. नातीला कोल्हापूरला तपासणीला न्यायचं. क्रांती माझ्या थोरल्या लेकाची पोरगी, दिलीय कोडोलीला. पहिलं बाळंतपण माहेरी, पण आईबापाच्या शिवाजी पेठेतल्या खोलीत न राहता हट्टानं आमच्याकडं आली, गगनबावड्याच्या अंगाला, आज्जीजवळ. आठवा नुकता लागलेला. माझी जुनी वडापाची जीप हाय, माणसं भरून न्यायची, ती माझी थोरली बायको. धाकटी, चिमणाबाई, नातीला धरून मागं बसली.

निघताना म्हातारीनं पिशवीत टोपरं टाकलं. स्वतःच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, हातानं शिवलेला, कडेला लाल काठ.

म्हणलं, "म्हातारे, तपासायला चाललोय का बारशाला?"

"असू दे की पिशवीत. वाट डोंगराची हाय."

भादवा हुता. तिकडं भादव्यात दुपार आणि तिन्हीसांज ह्यात फरक नसतो. धुकं असं उतरलं की जीपचं तोंड जीपला दिसंना. मी हॉर्न वाजवत चाललो, आणि दर वळणाला क्रांतीला म्हणायचो, "ऐक, कोडोलीचं जावई घोरतंय." पोरगी हसायची. एका वळणाला हसली न्हाय.

"आबा... पाणी गेलं."

पुढच्या वळणावर दरड आडवी पडलेली, अर्धा डोंगर रस्त्यावर. फोन लावला तर ॲम्ब्युलन्स दरडीच्या पलीकडं. जीप वळवली. मागं रस्त्याकडंला एक सरकारी दवाखाना हुता. गावाचं नाव सांगत न्हाय; तिथली माणसं माझ्या वडापात बसतात, उद्या बसायची न्हाईत.

दवाखाना बघून जीव भांड्यात पडला. नवा रंग, फरशी अशी की तोंड बघून मिशा कापाव्यात. एका दारावर गुबगुबीत बाळाचं चित्र, आणि खाली लिवलेलं, 'नवजात बाळांसाठी सदैव सज्ज'. आत एकटी सिस्टर, शबनम. वय माझ्या नातीएवढंच. डोळ्यांखाली काळं, पण हात चपळ.

"डॉक्टर कुठं हाईत?"

"कोल्हापूरला. मीटिंग हाय, आजोबा."

"कसली?"

तिनं जरा खाली बघितलं. "बाळांच्या तयारीची. तपासणीचं पथक यायचंय."

"म्हंजे बाळ हितं आणि तयारी तिथं. ब्येस!"

हसली न्हाय ती. क्रांतीला टेबलावर घेतलं, बघितलं, आणि हळूच म्हणाली, "हे थांबणार न्हाय. हितंच होणार. दिवस भरलेलं न्हाईत, ऊब लागंल." आणि नेमकी तवाच लाईट गेली. जनरेटर हुता, रंग दिलेला, हार घातलेला. डिझेल नव्हतं. पथक यायच्या आदल्या दिवशी भरायचं ठरलेलं. मी नळी घेतली, जीपच्या टाकीत घातली, तोंडानं ओढलं आणि सगळं डिझेल जनरेटरला पाजलं. तोंडात तीच चव घेऊन आत आलो तर कोपऱ्यात तांबडा उजेड पडलेला.

बाळं उबेला ठेवायचं यंत्र ते. वर तांबडा दिवा, खाली छोटी गादी. आणि गादीवर बाळ निजलेलं! मी दचकलो.

"हे कुणाचं हो?"

"सरकारचं," शबनम म्हणाली. "बाहुली हाय, आजोबा. बाळाला श्वास कसा द्यायचा ते हिच्यावर शिकतो. तोंडावर मास्क धरून फुगा दाबला की छाती वर येती. राजवीर म्हणतो आम्ही."

"बाप सरकार म्हंजे पोरकंच की."

"बाराव्या दिवसाआधी नाव ठिवलं?" चिमणाबाई पडद्याआडनं गरजली. कळा चालल्या असल्या तरी तिच्या कानातनं काय सुटत न्हाय. कळा क्रांतीला, पण सोसत हुती ती.

बाहुलीच्या डोक्यावर टोपरं हुतं. नीट बघितलं तर एकावर एक लई टोपरी चढवलेली, कांद्यागत. कुणाचं इरकलीचं, कुणाचं जुन्या धोतराचं, एक मखमली, त्यावर टिकल्या. म्हणलं, "लाडाचं दिसतंय लेकरू. एवढी कुणी दिली?"

शबनम हातमोजे घालत हुती. थांबली.

"घरातनं टोपरं घिऊन येतात बाया. आणि मोकळ्या ओटीनं परत जायची पाळी आली, तर टोपरं परत न्यायचं नसतं म्हणं... हितंच ठेवून जातात. फेकणार कुठं? ह्याला घालतो."

बाहेर जनरेटर धडधडत हुता, पाऊस पत्र्यावर नाचत हुता. आणि त्या कोपऱ्यात फिनेलच्या वासाखाली दुसरा एक वास हुता. ओव्या-वावडिंगाच्या धुरीचा. बाळाच्या टाळूवरच्या तेलाचा. त्या दवाखान्यात त्या दिवशी एकबी बाळ नव्हतं.

"आजोबा, तुम्ही पडद्याच्या अलीकडंच थांबा," शबनम म्हणाली. "बाहुली उचलून ठेवा आणि दिवा चालू राहतोय का बघा."

उचलली. हलकी हुती, प्लास्टिकची. दिवा विझला.

परत ठेवली. दिवा लागला.

आता खोड्या करण्यात माझी हयात गेली, त्यामुळं समोरचा खोड्या करतोय का हे मला चटकन कळतं. परत उचलली. विझला. "सिस्टर, हे यंत्र माझ्याच जातीचं दिसतंय!" ती धावत आली. म्हणाली, बाहुलीच्या पोटाला तार चिकटवलीय, अंगाची ऊब मोजायची, त्यामुळं होत असंल. तार काढून स्वतःच्या मनगटाला लावली. अंधार. माझ्या हाताला लावली. अंधार. तार नुसती लोंबकळत सोडली आणि बाहुली गादीवर ठेवली. तांबडा उजेड.

मी शबनमकडं वळलो.

"असं... आधी कधी झालंतं का?"

"मागच्या खेपंला," ती एवढंच बोलली. मग पुटपुटली, "चार अर्ज केले, आजोबा. माणूस येतो, बाहुली असताना बघतो, चालू हाय म्हणून जातो."

पलीकडं क्रांती किंचाळली, आणि शबनम पळाली.

बाळ लई लवकर आलं. मुलगा. शबनम त्याला फडक्यात गुंडाळून, पुसत पुसत घेऊन आली. माझ्या तळहातात मावलं असतं. निळं. रडं न्हाय, हालचाल न्हाय. तिकडं क्रांतीला रक्त थांबंना, चिमणाबाई दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून उभी. आईच्या छातीशी ठेवायचं म्हणावं, तर आईच थंडीनं कापत हुती.

"बाजूला ठेवते," शबनम म्हणाली. "ह्याच्याच शेजारी. दिवा तर राहील."

असा माझा पणतू आणि ते सरकारी पोर एका गादीवर, एका उजेडात निजलं. ऑक्सिजनची टाकी भिंतीला टेकलेली, भरलेली, पण ती उघडायची चावी डॉक्टरांच्या कपाटात. फुगा आणि मास्क मात्र हुता, बाहुलीच्या सामानातला. शबनमनं मास्क बाळाच्या तोंडावर धरला, बरोबर बसला. फुगा दाबला.

बाहुलीची छाती वर आली.

तुमच्या पाया पडून सांगतो, मी थट्टा करत न्हाय. मास्क माझ्या पणतवाच्या तोंडावर. त्याची छाती तशीच, वाळल्या पानागत. आणि शेजारी त्या प्लास्टिकच्या पोराची छाती वर... खाली... वर...

"सिस्टर..."

"बघू नका तिकडं!" तिनं बाळाची मान सरळ केली, मास्क परत धरला, परत दाबला. बाहुलीची छाती भरून वर आली. "नको... नको रे बाबा... त्याला दे..." ती कुणाशी बोलत हुती, मला इचारू नका.

मी बाहुली उचलायला हात घातला. मघाची हलकी बाहुली हलंना. आणि गरम हुती. दिव्याखाली फडकं गरम होतं तशी न्हाय. कुशीत घेतलेलं पोर असतं, तशी. दोन्ही हातांनी ओढली आणि भुईवर ठेवली. दिवा विझला. अंधारात शबनम फुगा दाबत राहिली. फुस्स... फुस्स... मी बाळाच्या छातीवर बोटं ठेवली. काय न्हाय. गारठा तेवढा वर चढत हुता.

आणि मग रडं आलं.

बारीक. मांजराच्या पिलागत. पण खणखणीत.

पडद्यापलीकडनं क्रांतीनं इचारलं, "रडला? आबा, रडला नव्हं?"

चिमणाबाईला हुंदका आला. "रडला गं बाये, रडला! ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं... ऐकलं की..." पोरगी रडत हसली.

माझी बोटं बाळाच्या छातीवरच हुती. मास्क त्याच्या तोंडावर हुता. रडं खालनं आलतं. भुईवरनं.

शबनम बराच वेळ दाबत राहिली. शेवटी मीच तिचा हात धरला. जन्मात मी खोट्याचं खरं करून लोकांना हसवलं. त्या दिवशी पडद्याच्या पलीकडं जाऊन खऱ्याचं खोटं करता आलं असतं तर माझी जीप दिली असती. गेलो. बोललो. क्रांती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग म्हणाली, "आबा, आज नको थट्टा."

रस्ता मोकळा झाला तशी ॲम्ब्युलन्स आली, तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. निघताना चिमणाबाईनं पिशवीतनं हिरवं टोपरं काढलं. मी म्हणलं, "आण हिकडं, ओढ्यात सोडतो." तिनं ऐकलं न्हाय. आत गेली. बाहुली परत गादीवर हुती, मी ठेवली नव्हती, शबनमनंबी न्हाय. तांबड्या उजेडात म्हातारीनं सगळ्या टोपऱ्यांवर आपलं टोपरं चढवलं. सैल बसलं, कपाळावर आलं. तिनं ते बोटानं वर सारलं, जसं आई सारती.

क्रांती आता कोडोलीला असती. तिचा नवरा सम्राट चांगला हाय, पण ती एकच धरून बसलीय. "रडला हुता तो. आज्जीनं ऐकलं. मेलेलं पोर रडतंय व्हय?" सम्राटनं मला इचारलं, काय झालंतं? मी सगळं सांगितलं, जसं तुम्हांला सांगितलं. तो उठून गेला. सासरच्यांत आता बोलतात, म्हाताऱ्याला पोराच्या मरणाचीबी थट्टा सुचली. बोलू देत. माझ्या नावावर आधीच ढीगभर हाय.

पथक येऊन गेलं. फोटो काढलं, यंत्र चालू हाय, बाळाला ऊब मिळतीय, दवाखाना सज्ज, असा शेरा दिला. भिंतीवर प्रमाणपत्र लागलं, काचेत.

परवा त्या वाटेनं वडाप घेऊन गेलतो. थांबायचं न्हाय ठरवलं हुतं, तर शबनम दारातच उभी. गाडीतली माणसं ऐकतील म्हणून खिडकीशी आली. खंगलीय पोरगी.

"बदली मागितलीय, आजोबा. मिळत न्हाय."

"मग?"

तिनं मागं बघितलं. दार उघडं हुतं. आत भरदुपारी तांबडा उजेड.

"आज्जींना एक सांगाल?" आवाज एवढा बारीक की मला वाकायला लागलं. "ते हिरवं टोपरं... बसंना झालंय आता. जरा मोठं शिवायला सांगा."

मी गाडी कशी हाणली मला ठावं न्हाय. घरी आलो. ठरवलं हुतं, हे म्हातारीच्या कानावर घालायचं न्हाय. कुण्णाच्या न्हाय. उंबऱ्यात पाय ठेवला.

चिमणाबाई खिडकीशी बसलेली, तोंडात दोरा. मांडीवर त्याच हिरव्या लुगड्याचा तुकडा, लाल काठ.

"एवढं मोठं कुणाला गं?" मी म्हणलं.

तिनं वर बघितलं न्हाय. दोरा तोडला आणि टोपरं हातावर पसरून माप बघितलं.

"त्याला नको व्हय?" म्हणाली. "वाढतं अंग हाय."